कुर्डूच्या फुलांत उसना नवरा

उलवे, ११ ऑक्टोबर २०२४

केयूर,

मेल लिहितेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठा पाठवतोस आणि अंगठ्याला काय उत्तर द्यायचं ते मला कळत नाही. जहाज बंदराला लागेल, नेट मिळेल, तेव्हा हे नीट वाच. शेवटपर्यंत वाच.

आज दुपारी तुझी आई आणि तेजसदादा आमच्याकडे आले होते. सोबत मोठी पिशवी. आतून घागरा निघाला, जांभळा, आरशांचा. माझ्या आईला वाटलं हळदीचा असेल. तिने उचलून बघितला आणि म्हणाली, "वजनदार हाय."

"लग्नाचा नाय गो, शूटिंगचा," तुझी आई म्हणाली. "पुढच्या रविवारी प्री-वेडिंग ठेवलाय."

मी म्हटलं, "पण केयूर जानेवारीच्या शेवटी येणार."

"म्हनून तर आत्ता," तेजसदादा म्हणाला. "तो आल्यावर पत्रिका वाटायच्या का फोटू कारायचे? आनि फुलं थांबतान का तवर?"

"मग नवरा कोण?"

तुझ्या आईने तुझ्या भावाकडे हनुवटी उडवली. "ह्यो काय, बसलाय ना तुझ्या म्होरं."

माझी आई हसली. तिला ती थट्टा वाटली. बिचारीने वर चहा टाकू का म्हणून विचारलं.

थट्टा नव्हती. फोटोग्राफर नेरूळचा आहे, शौनक नावाचा. त्याने तुझ्या घरच्यांना समजावून सांगितलंय की दोघा भावांची उंची सारखी, खांदे सारखे. संध्याकाळच्या उजेडात पाठमोरे फोटो आणि व्हिडिओ घ्यायचे, नुसत्या काळ्या आकृत्या घ्यायच्या, आणि जिथे चेहरा दिसेल तिथे नंतर कॉम्प्युटरवर तुझा चेहरा लावायचा. तेजसदादा हे सांगताना इतका खूश होता, जणू त्याने लग्नातली सगळ्यात मोठी अडचण सोडवली होती.

साखरपुड्याच्या दिवशी तुझ्या आईने मला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं होतं, "थोरल्या दिरासमोर पदर घ्यायचा हां बाय, आमच्याकडं रीत हाय." मी घेतला. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, पण शिकले म्हणून दुसऱ्याच्या घरची रीत मोडायची असं मला कधी वाटलं नाही. आता त्याच दिराचा हात माझ्या कमरेवर येणार आणि तो हळदीच्या रात्री मोठ्या स्क्रीनवर सगळ्या गावाला दाखवणार. ही कुठली रीत?

आणखी एक. शूट ‘राजस्थान’मध्ये आहे. खाडीतली वाळू काढून आमच्या भातखाचरांवर आणि मिठागरावर भराव म्हणून टाकली, त्या मैदानाला गावातली पोरं याच नावाने ओळखतात. तिथे काही नाही, नुसतं वाळवंट आहे, असंच सगळे समजतात. तिथे मागच्या बाजूला बांधाच्या आडोशाला कुर्डू फुललाय, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. त्यांना कसं कळलं?

मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागते. घरी फोन कर आणि सांग, "मी नसताना शूट होणार नाही." एवढं एक वाक्य. ते बोललास तर बाकी सगळ्याला मी तयार आहे, डीजेलासुद्धा. नाही बोललास तर मला या लग्नाचा पुन्हा विचार करावा लागेल. ही धमकी नाही. नंतर तू म्हणू नयेस की आधी सांगायचं होतंस.

रंजिता


१६ ऑक्टोबर

केयूर,

तुझं उत्तर मिळालं. "बघतो." अंगठ्यापेक्षा तीन अक्षरं जास्त, म्हणजे प्रगती आहे.

तू एकदा विचारलं होतंस की अंधार पडायला आल्यावर कसले फोटो काढतेस. तेव्हा मी हसून सोडून दिलं. आज सांगते, म्हणजे तुला कळेल की मी कशासाठी एवढी चिडले आहे.

लॅबमधली ड्यूटी सुटते तेव्हा ऊन संपत आलेलं असतं. नेरूळहून घरी येऊन कॅमेरा घेऊन वाळूत पोचेपर्यंत सूर्य खाडीवर टेकतो. मला जो उजेड मिळतो तो उरलेला असतो. पहिले काही दिवस मला त्याचा राग यायचा. मग एकदा कुर्डूच्या तुऱ्यांमागे सूर्य असताना मी पोटावर आडवी झाले आणि बघतच राहिले. तुरा खाली चंदेरी असतो आणि टोकाला गुलाबी. दुपारी बघितलंस तर तण म्हणून उपटून टाकशील. पण मागून तिरपा उजेड आला की एकेक तुरा आतून पेटल्यासारखा दिसतो. मी डब्याचं झाकण धरून थोडा उजेड पुढच्या पानांवर पाडते. श्वास रोखते, कारण वारा थांबतो तो क्षणभरच. उजेड कमी झाला की फोटोत दाणेदार ठिपके येतात, मग अजून कमी होतो, आणि शेवटी कॅमेरा हरतो. डोळ्यांना मात्र त्यानंतरही दिसत असतं. मी तशीच पडून राहते. पोटाला गोखरूचे काटे लागलेले घरी आल्यावर समजतात.

त्या वाळूत काय काय येतंय त्याची मला नोंद करायची आहे. कुणी सांगितलेलं नाही. खाडीच्या तळाची वाळू ती, तिच्यात कुर्डूचं बी आलं कुठून? वाऱ्याने, पाखरांनी, डंपरच्या चाकांनी. ज्या जमिनीवर बाबांनी भात लावला तिथे आता काहीच नाही असं लोक म्हणतात तेव्हा मला दाखवता यायला हवं की आहे.

आज शौनक जागा बघायला आला होता. सोबत दोन माणसं. मी पोचले तेव्हा त्यांनी कुर्डूच्या पेंढ्या बांधलेल्या होत्या, भाजीवाली बांधते तशा. त्यांच्यावर सोनेरी रंगाचा फवारा चालू होता.

मी विचारलं, "हे काय करताय?"

"पॅम्पस लूक मॅडम. ओरिजिनल पॅम्पस गवत महाग पडतं. हे फुकट."

"हा कुर्डू आहे."

"तुम्ही बॉटनीवाल्या ना? दादा बोलला. मग सांगा, हे परत उगवतं की नाही?"

"उगवतं."

"मग झालं तर."

वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीची फुलं दुपारनंतर मिटतात. ती मिटलेली फुलं त्याला "बोअर" वाटली, म्हणून त्याने वेलीवर कापडाची जांभळी फुलं तारेने बांधली. घागऱ्याला मॅचिंग. रंगाचा वास वाऱ्याबरोबर घशात जात होता. मी घरी येऊन दोनदा तोंड धुतलं तरी तो जाईना.

रविवारपर्यंत तुझ्या फोनची वाट बघते.

रंजिता


२१ ऑक्टोबर

केयूर,

काल शूट झालं. मी गेले. आई दोन दिवस जेवली नाही, त्यापुढे माझं चाललं नाही. आणि खरं सांगायचं तर मला शेवटपर्यंत वाटत होतं की फोन वाजेल.

उंट आणला होता. टेम्पोतून, कुठल्या तरी चौपाटीवरून. उंटवाला म्हणाला तो दिवसभर पोरांना फिरवून दमलाय, त्याला बसू द्या. पण शौनकला तो उभा हवा होता. उभ्याउभ्या उंटाने सोनेरी केलेला कुर्डू खाल्ला. त्याचे ओठ सोनेरी झाले. सगळ्यांनी त्याचे व्हिडिओ काढले. मी ओरडले, की त्याला खाऊ देऊ नका, तो रंग आहे, तर तेजसदादा म्हणाला, "अगो, उंट हाय तो, त्याला काय व्हतंय." त्याच्या मालकाने मग लगाम ओढला. जनावराने सगळं तिथेच बाहेर काढलं, उरलेल्या फुलांवर.

तुझ्या भावाने शेरवानी घातली होती, अत्तर चोपडलं होतं आणि तोंडात गुटखा होता. "एक मिनिट," म्हणून तो बाजूला जायचा, पिंक टाकायचा, परत येऊन हात जिथे होता तिथे ठेवायचा. हात ओला होता. हे मी तुला मुद्दाम लिहितेय. फोटोत ओलेपणा दिसत नाही.

"दादा, जरा प्रेमाने," शौनक म्हणाला. "भावाची बायको आहे असं समजू नका."

"मंग काय समजू?" तुझा भाऊ म्हणाला आणि सगळे हसले. तुझी आई पण हसली, तोंडाला पदर लावून.

सुचितावहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या हातात ती चकाकणारी गोल तबकडी दिली होती, उजेड पाडायची. आपल्या नवऱ्याचा हात माझ्या कमरेवर नीट दिसावा म्हणून त्या उजेड धरून उभ्या होत्या. "जरा मान वर कर, सावली पडतेय," एवढंच त्या मला म्हणाल्या. नंतर माझ्या ओढणीला टाचणी लावताना मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या वेळी निदान नवरा तरी खरा होता."

सूर्य टेकला तसा शौनक पळायला लागला. "लाइट जातोय, लाइट जातोय! दादा, कपाळाला कपाळ!" मी मान मागे घेतली. "मॅडम, तुमच्यामुळे एवढ्या लोकांचा टाइम वाया जातोय." मग मी डोळे मिटले. माझ्या कपाळावर एका माणसाचं घामट कपाळ टेकलं होतं, त्याच्या तोंडाचा वास माझ्या तोंडावर येत होता, आणि उजेड नेमका तोच होता, मी रोज ज्याच्यासाठी धावत येते तो.

शौनकने मागाहून कॅमेऱ्यात दाखवलं. आता एक गोष्ट कबूल करते, तुला बरं वाटेल. फोटो सुंदर होता. दोन काळ्या आकृत्या, मध्ये लाल आभाळ, खाली पेटलेले तुरे. मी एवढ्या महिन्यांत काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा तो चांगला होता. बघणाऱ्याला वाटलं असतं की या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे. मी उंटाच्या पलीकडे जाऊन ओकले. तुझ्या आईला वाटलं उपाशीपोटी ऊन लागलं. त्यांनी मला लिंबूपाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, हेही लिहून ठेवते.

निघताना मी तेजसदादाला विचारलं, ही जागा तुम्हाला कुणी सांगितली. "कोन म्हंजे? तुझ्याच नवऱ्यानं. लोकेशन पाठवला ना त्यानं."

आणि सुचितावहिनींकडून कळलं की काल सकाळी तू कोलंबोला होतास आणि त्यांच्या मुलाशी बराच वेळ व्हिडिओवर बोललास. त्याला तू जहाजाचं इंजिन दाखवलंस म्हणे.

म्हणजे नेट होतं.

दोन प्रश्न आहेत. जागा तू दिलीस का? आणि घरी फोन केलास तेव्हा, ते एक वाक्य का नाही बोललास?

रंजिता


२८ ऑक्टोबर

केयूर,

तुझा एवढा मोठा मेल मला पहिल्यांदाच आला. मी तो तीनचार वेळा वाचला, म्हणजे माझ्याकडून अन्याय नको.

तू लिहितोस, शूटची कल्पना तुझीच. मला माझ्या आवडत्या फुलांत उभं करायचं, हे तुझं सरप्राईज होतं. मी कुर्डूबद्दल बोलते तेव्हा तू ऐकत नाहीस असं मला वाटतं, तर बघ, तू ऐकत होतास. माझा विश्वास बसतो. तू वाईट माणूस असतास तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं.

पण तू ऐकलंस काय? फुलं कुठे आहेत ते ऐकलंस. मी तिथे एकटी का जाते, ते नाही ऐकलंस.

तू लिहितोस, "दादा म्हणजे मीच ना. आपल्याच घरातला माणूस आहे. बाहेरचा मॉडेल आणला असता तर तुला चाललं असतं का?" हे वाक्य वाचून मला शूटच्या दिवशी आली होती त्याहून जास्त किळस आली. तुझा भाऊ म्हणजे तू, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. तुझ्या आईने ठरवलं. सुचितावहिनींना कुणी विचारलं नाही, मला कुणी विचारलं नाही. मी साखरपुड्यात होकार दिला तो एका माणसाला. घराला नाही, उंचीला नाही, खांद्यांना नाही.

आणि शेवटी तू लिहिलंस, "चेहरा तर माझाच लावणार आहेत."

केयूर, तो हात कुणाचा लावणार आहेत?

मी घरी सांगितलं. आई रडली. म्हणाली, "अख्ख्या गावानं पेढं खाल्लान. आता लोकं काय बोलतील?" मग म्हणाली, "एवरा शिकवला तुला, त्याचाच ह्यो परिनाम." बाबा कंटेनर यार्डात रात्रपाळीला निघायचे होते, वॉचमनचा शर्ट घालून जेवत होते. ते भात कालवत राहिले. मला वाटलं तेही आईच्या बाजूने. भात संपवून, हात ताटातच धुऊन, ते म्हणाले,

"मना येक सांगा. हलदीला स्क्रीनवर त्यो दिसल. दुसऱ्या दिवशी मांडवात ह्यो बसल. मी पाय कोनाचं धुवायचं?"

आईने त्यांचं ताट उचललं.

"नाय, मना कलला पायजे ना," बाबा म्हणाले. "का पाय पन नंतर लावनार हान?"

मी इतक्या दिवसांनी हसले आणि हसताहसता रडले. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर बाबा झोपले नाहीत, थेट तुमच्याकडे गेले. अंगठी, साड्या, घागरा, सगळं त्यांनी स्वतः नेऊन दिलं. तुझी आई म्हणाली, "शिकलेली पोर केली का असाच व्हतं." तेजसदादा म्हणाला, "एवड्याशा फोटूवरनं कोन लगीन मोडतं का?" बाबांनी मला सांगितलं की त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, कारण तुझे वडील आतल्या खोलीत मान खाली घालून बसले होते आणि त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

हे लग्न होणार नाही. मला तुझ्याकडून माफी नको. मला फक्त ते फोटो पुसून हवे आहेत. सगळे. शौनकला तू सांग, कारण मी सांगितलं तर तो म्हणतो, "पार्टी तुम्ही नाही, पार्टी ते आहेत."

मी परवा वाळूत जाऊन आले. सोनेरी तुरे तसेच पडले आहेत. ते वाळत नाहीत, कुजत नाहीत. बाजूला थोडा कुर्डू उरलाय. मी कॅमेरा काढला नाही. तो उजेड बघायची अजून हिंमत होत नाही.

रंजिता


२६ ऑक्टोबर २०२५

केयूर,

तुला पुन्हा लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

काल लॅबमधल्या कामोठ्याच्या एका मुलीने मला मोबाइल दाखवला. "अगं, ही तुमच्या राजस्थानची जागा ना?" व्हिडिओ पत्रिका होती. चि. केयूर आणि कामोठ्याची चि. सौ. कां. मोनाली. तू परत जहाजावर आहेस, लग्नाच्या आधी जेमतेम पोचणार आहेस, हेही त्या लॅबमधल्या मुलीकडूनच कळलं. तुमच्या घरच्यांपुढे पुन्हा तीच अडचण आली असेल. या वेळी ती अजून सोपी वाटली असेल, कारण शूट तयारच होतं.

मी मोबाइल तिच्या हातातून घेऊन पत्रिका पूर्ण बघितली. वाळू, लाल आभाळ, गाणं. जांभळा घागरा घातलेली एक बाई पाठमोरी चालत जाते. मान थोडी डावीकडे झुकलेली. मी तशी चालते, हे मला आजवर माहीत नव्हतं. मग ती वळते आणि माझ्या मानेवर मोनालीचा चेहरा असतो. ती हसते. मी हसले नव्हते. तिच्या कपाळाला तू कपाळ टेकवतोस. पण तो तू नाहीस, आणि ती मोनाली नाही. खाली तुम्हा दोघांची नावं सोनेरी अक्षरांत येतात. लॅबमधली मुलगी म्हणाली, "किती क्यूट ना?"

मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. ओकारी आली नाही. या वेळी नुसता राग आला, स्वच्छ आणि थंड.

मी तुला फोटो पुसायला सांगितले होते. तू अंगठा पाठवला होतास.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, ती जागा आता पत्र्यांनी बंद केली आहे. आत जाता येत नाही. मागच्या वर्षीचा तो कुर्डू आता तुमच्या व्हिडिओतच आहे, तोही अर्धा सोनेरी. मी हल्ली पत्र्याच्या बाहेरच्या कडेला जाते. तिथे खडीतून काटेरिंगणी आली आहे, धोत्रा आला आहे. धोत्र्याचं फूल संध्याकाळीच उघडतं. उजेड जायची आणि ते उघडायची वेळ एकच असते, त्यामुळे घाई करून चालत नाही. माझे फोटो अजून शौनकइतके चांगले येत नाहीत. पण त्यांत जे दिसतं ते तिथे असतं.

या पत्राची छापील प्रत मी मोनालीलाही पोस्टाने पाठवते आहे. तुमच्या पत्रिकेवरच तिच्या घरचा पत्ता होता. तिने काय करायचं ते ती ठरवेल. मला तिचं लग्न मोडायचं नाही. तिचा चेहरा कुणाच्या मानेवर बसवलाय, एवढं तिला हळदीच्या आधी माहीत असावं, स्क्रीनसमोर बसून कुणाच्या तरी कुजबुजीतून कळू नये. मला तसं कुणी लिहिलं असतं तर मी आभार मानले असते.

आता तुझ्यासाठी. ती पाठ माझी आहे. ते हात, ती मान, ते चालणं माझं आहे. हे सगळं त्या व्हिडिओतून काढा. विनंती करत नाही, बाबा आणि मी उद्या सकाळी पोलीस स्टेशनला जाऊन अर्ज देणार आहोत, त्याआधी सांगते आहे. तुझी वस्तू तुला न विचारता कुणी वापरली तर कसं वाटेल, असं विचारणार होते, पण ते तुला समजावण्यात मी एक वर्षापूर्वी पुष्कळ शब्द घालवले.

मला काढल्यावर त्या व्हिडिओत वाळू उरेल आणि तुझा भाऊ उरेल. तेवढं हळदीला खुशाल दाखवा.

रंजिता